नवीन वायर टाकली म्हणता, मग जुनी कुठंय?

लातूरमधल्या एका घरात उन्हाळ्याच्या तोंडावर कूलरसाठी पश्चिमेच्या भिंतीला ब्रॅकेट लावायचं काम निघालं. ड्रिल बोर्डाच्या बरोबर वर, हातभर अंतरावर शिरलं. फट्ट आवाज झाला आणि एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) खाली पडला. बोर्डातून पाइप बहुधा सरळ वर छताकडे जातो, त्या पट्ट्यात ड्रिल लावायचंच नसतं. ही चूक घरच्यांची. पुढची लबाडी मिस्त्रीची.

"काका, आतून सगळी लाइन जळलीय. वरच्या पेटीपासून नवीनच टाकावी लागंल." बिलात 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर 45 मीटर, पाइप, मजुरी, गिलावा. घरचे दुपारी बाहेर गेले होते, परत आले तर भिंत पुट्टीसकट बंद. पावसाळ्यात भिंत ओलावली तसा आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडायला लागला. शेवटी गिलावा फोडला, तर आत तीच जुनी वायर! तुटलेली टोकं नुसती पिळलेली, वर काळ्या टेपचे चार वेढे आणि त्यावर थेट सिमेंट.

वायरीचा हिशेब घरबसल्या करता येतो. बोर्ड जमिनीपासून 4 फुटांवर, छत 10 फुटांवर, म्हणजे वर जायला 6 फूट. तिथून वरची पेटी, म्हणजे जिथून या बोर्डाची लाइन निघते ती, 8 फूट धरा. एकूण 14 फूट, सव्वाचार मीटर. फेज, न्यूट्रल, अर्थिंग अशा तीन वायरी, म्हणजे 13 मीटरच्या आत. टोकांना सोडायची वायर धरून 15 मीटर भरपूर झाली. उरलेले 30 मीटर कुठल्या भिंतीत गेले?

पण पैशापेक्षा तो जोड वाईट. पिळलेल्या जोडाचा रोध समजा 0.1 ओहम झाला आणि त्या लाइनवर 2000 वॉटचा गीझर लागला, तर पावणेनऊ अँपिअरला त्या एका बिंदूवर साडेसात वॉट उष्णता तयार होते. वारा नाही, जागा नाही, चारी बाजूंनी सिमेंट. एमसीबी पडत नाही, कारण सैल जोडानं करंट वाढत नाही आणि एमसीबीला फक्त करंट कळतो. त्यात आपल्याकडचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देते. टेपचा डिंक पातळ होऊन वेढे सुटतात. मग ओल आली की करंट भिंतीत उतरतो.

खरी दुरुस्ती फार मोठी नसते. मेन बंद करून टेस्टरनं खात्री करायची (टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून बघायचा, बिघडलेला टेस्टर माणूस मारतो). भोकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा काढून पाइप उघडायचा. ड्रिलनं एकच वायर कापली की शेजारचीही सोलली, ते इथं कळतं. मग जुन्या वायरीच्या टोकाला नवी बांधून पेटीपासून बोर्डापर्यंत अखंड ओढायची. मध्ये जोड नाही. पाइप फुटला असेल तर तेवढा तुकडा बदलायचा. पाइप चेपल्यामुळे वायर सरकतच नसेल, तर त्या जागी झाकणाची पेटी बसवून आत स्क्रूच्या कनेक्टरनं जोड द्यायचा. पेटी भिंतीवर दिसते, शोभा जाते. जाऊ द्या. मिस्त्री "दिसणार नाही असं करून देतो" म्हणाला की समजायचं, जोड सिमेंटमध्ये जाणार आहे.

वायर खरंच ओढली असेल तर जुनी बाहेर येणारच. ती मागा. जमिनीवर सरळ पसरून मोजली की लांबी कळते आणि मध्येच कुठंतरी ड्रिलनं खाल्लेली जागा दिसते: इन्सुलेशन फाटलेलं, आतल्या दोन-चार तारा काळ्या पडलेल्या. "भंगारात टाकली" हे उत्तर चालवून घेऊ नका. भिंत बंद करण्याआधी उघड्या पाइपचा फोटो काढा आणि लाइनवरची सगळी उपकरणं सोडवून 500 व्होल्टच्या मेगरनं (वायरीच्या इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) रीडिंग दाखवायला सांगा. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर दोष अजून आतच आहे.

नवी वायरही बघून घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या भावात खपवतात. एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा. 2.5 च्या 90 मीटर बंडलात नुसतं तांबंच सुमारे 2 किलो असतं, त्यामुळे दुकानातला वजनकाटासुद्धा खोटं पकडतो.

बिलावर वायरीची साइज, मीटर आणि मिस्त्रीचा वायरमन परवाना क्रमांक लिहून घ्या. फसलाच असाल तर भिंत पुन्हा बुजवण्याआधी फोटो काढा, कापलेला जोड पिशवीत जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.