पार मीटर आठ महिने वापरून: टक्क्यांवर विसंबू नका

अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० हा पाण्यात बुडवून कोरलला मिळणारा प्रकाश मोजायचा पार मीटर आठ महिने आमच्या चार समुद्री टँकांवर फिरतोय. दादर, पार्ले, मुलुंड आणि बोरिवली. चारही टँक तीन फुटी, ९० × ४५ × ४५ सेंमी, म्हणजे काठोकाठ १८० लिटर, आणि वर निळा आणि पांढरा अशा दोन चॅनलची लेन्सवाली एलईडी. कोरल (प्रवाळं) सगळी मऊ: झोआ, मशरूम, लेदर. हार्ड कोरल मुद्दाम नाहीत. खडक बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. हाजी अली-वरळीची प्रवाळं कोस्टल रोडसाठी २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली, तीही याच संरक्षणामुळे. दुकानदार 'इम्पोर्टेड आहे' म्हणाला तर कागद दाखवायला सांगा. दाखवता आले नाहीत तर घेऊ नका.

पहिल्याच आठवड्यात कळलं की लाइटच्या कंट्रोलरवरच्या टक्क्यांना काही अर्थ नाही. निळा चॅनल ६० वरून ३० वर आणला की मीटरवरचा आकडाही निम्मा व्हावा, अशी अपेक्षा असते. एका टँकवर तो १८० चा ११० झाला, दुसऱ्यावर १८० चा थेट ७०. एलईडीला वीज पुरवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरचा डिमिंगचा हिशोब वेगळा. त्यामुळे 'निळा ६०, पांढरा २० ठेव, मस्त चालतं' हा सल्ला ज्याच्या लाइटवरून आला, तिच्यापुरताच खरा.

फोनमधल्या लक्स ॲपने हे काम होत नाही, आणि कारण साधं आहे. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो आणि ४५० च्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. कोरल टँकच्या लाइटमध्ये निळाच भरलेला असतो. ॲप 'अंधार आहे' म्हणतं आणि खाली मशरूम भाजत असतं. पार मीटर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजतो, एका चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल पडले ते. सेकंडहँड घेणाऱ्यांनी मॉडेल नीट बघावं: जुन्या एमक्यू-२०० चा सेन्सर निळा कमी पकडतो, त्यामुळे एलईडीखाली आकडा खरा असतो त्यापेक्षा खाली दिसतो.

दुसरी फसगत पाण्याची. बुडवलेल्या सेन्सरच्या पांढऱ्या डिफ्यूझरमधून (प्रकाश पसरवून आत घेणाऱ्या टोपणातून) जास्त प्रकाश परत बाहेर निसटतो, म्हणून कच्चा आकडा कमी येतो. एमक्यू-५०० असेल तर पाण्यातला आकडा १.३२ ने गुणायचा. एमक्यू-५१० मध्ये ही दुरुस्ती आधीच बसवलेली आहे. म्हणजे त्याच मीटरने हवेत मोजलं तर उलट १.३२ ने भागावं लागतं. लाइट विकताना हवेतला आकडा पाण्यातला म्हणून खपवणारेही भेटतात. जपून.

रीडिंग घ्यायची पद्धत ठरलेली नसेल तर मीटर असून नसल्यासारखा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाला खाली एल्बो लावून त्यावर ॲक्रिलिकची चकती बसवली आणि सेन्सर केबल टायने पक्का केला. स्क्रू कुठलाही नको, समुद्री पाण्यात स्टीलसुद्धा गंजतं. सेन्सर आडवा, डिफ्यूझर आकाशाकडे. थोडा कलला तरी आकडा हलतो, आणि लाइट बाजूने येत असेल तर फारच. वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) दहा मिनिटं बंद, कारण लाटांमुळे पडणाऱ्या झळाळत्या रेषा १०० आणि २०० मध्ये आकडा नाचवतात. हात आणि डोकं लाइटच्या आड येऊ द्यायचं नाही. सगळ्यात छळतो तो बुडबुडा: सेन्सर पाण्यात शिरताना हवेचा मोत्याएवढा ठिपका डिफ्यूझरवर चिकटतो आणि रीडिंग वीसेक टक्क्यांनी खाली येतं. वरून दिसतही नाही. पाण्यातच बोट फिरवायचं, मग वाचायचं. काम झालं की आरओच्या पाण्यात धुऊन मऊ कापडाने टिपायचं. पांढरा थर धरला तर पातळ व्हिनेगर लावायचं, स्क्रबर कधीच नाही. डिस्प्लेचा डबा वॉटरप्रूफ नाही, तो गळ्यात अडकवा.

लांबीला पाच, रुंदीला तीन, खोलीला तीन, असे ४५ बिंदू एकदा मोजून वहीत उतरवले. दादरच्या टँकमध्ये रॉकच्या माथ्यावर २३०, त्याच पातळीवर कोपऱ्यात ४५. डोळ्यांना दोन्ही जागा सारख्याच उजळ दिसत होत्या. छंदातले चालू आकडे असे: मशरूमला ३० ते ८०, झोआला ७० ते १५०, लेदरला ८० ते १५०. माथ्यावरचं लेदर पाकळ्या मिटून का बसलंय, हे त्यावरून कळलं.

मधला भाग तापत असेल तर टक्के कमी करण्याआधी लाइट वर उचला. पाण्यापासून १५ सेंमीवरची ३० सेंमीवर नेली तेव्हा मध्यावरचे २३० चे १५० झाले, कोपऱ्यातले ४५ तसेच राहिले. उंची दुप्पट म्हणजे प्रकाश पाव, हे पुस्तकी गणित इथे लागू पडत नाही, कारण लेन्स झोत बांधून ठेवतात आणि काचा प्रकाश आत परतवतात. तोटा एवढाच की वन बीएचकेमध्ये तो निळा झगमगाट थेट सोफ्यावरच्यांच्या डोळ्यात जातो.

प्रकाश कमी करायचा तर आजच करा, वाढवायचा तर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त नाही. हे दहा टक्के मीटरवरच्या आकड्याचे, कंट्रोलरचे नव्हेत. तासांचाही हिशोब धरा: १२० वर ८ तास आणि ९६ वर १० तास, दोन्हींत दिवसाला साडेतीन मोलच पडतात. कोरल फिकं पडलं की सगळे लाइटवर खापर फोडतात. आधी पाण्यातले नायट्रेट-फॉस्फेट तपासा. दोन्ही शून्यावर असतील तर कमी प्रकाशातही कोरल पांढरट होतं. झोआचे देठ लांब होऊन मान वर काढली तर मात्र प्रकाश कमी आहे, हे मीटर न लावताही सांगता येतं.

मुंबईपुरत्या दोन गोष्टी. मेमध्ये दुपारचा सूर्य इथे जवळपास डोक्यावर असतो, डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे झुकून जेमतेम ४७ अंशांवर येतो. दक्षिणेच्या खिडकीजवळचा टँक उन्हाळ्यात सावलीत असतो आणि थंडीत भर दुपारी ऊन खातो. म्हणून एक रीडिंग लाइट बंद ठेवून दुपारी घ्या. मुलुंडला डाव्या काचेजवळ नुसत्या उन्हाचे ३०० आले. तिथे पडदा लागला, सेटिंगला हातही लावला नाही. दुसरी गोष्ट चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) न परवडणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं तर लाइट आधी मंद करा. उष्णता आणि जास्त प्रकाश एकत्र आले की कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शेवाळं बाहेर पडायला लागतात.

मीठ विसरू नका. एलईडीच्या खालच्या पारदर्शक पट्टीवर पंधरा दिवसांत खारट पापुद्रा चढतो. ओल्या फडक्याने पुसण्याआधी १३५, पुसल्यावर १६०. हे आम्हाला चौथ्या महिन्यात कळलं. तोवर प्रकाश कमी पडतोय म्हणून टक्के वाढवत होतो. पुसल्यावर टक्के लगेच खाली आणा, नाहीतर कोरलला एका रात्रीत जादा डोस बसतो.

एकट्याने विकत घ्यावा असा हा मीटर नाही. आयात, ड्यूटी वगैरे धरून एका बऱ्या एलईडीएवढा खर्च येतो, आणि टँकमधल्या बिंदूंचा नकाशा एकदा झाला की सहा महिन्यांतून एक दुपार पुरते. कंपनी दर दोन वर्षांनी कॅलिब्रेशन करायला सांगते, तोही खर्च धरा. चौघांत वर्गणी काढा, आणि ज्याच्याकडे मीटर जाईल त्याने धुऊन, सुकवूनच पुढे द्यायचा, हे आधीच ठरवा.