जुन्या लॅपटॉपवर गाणी: सी-मस की एमओसी?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाच्याकडे दोन जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, आणि आजोबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली जयपूर घराण्याची गाणी. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या या गावात असा खजिना घरोघरी सापडतो. त्यानं विचारलं, टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, गाणी वाजवायला सी-मस (cmus) हा प्लेअर घेऊ की एमओसी (MOC)?

पैशाचा प्रश्नच नाही. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही हलके.

खरा फरक गाणी शोधण्यात आहे. सी-मस फाइलींच्या टॅगवरून, म्हणजे फाइलीतच नोंदलेल्या माहितीवरून, गायक, अल्बम अशी मांडणी करतो. टॅग नीट असतील तर हजारो फाइलींत हवा तो राग क्षणात सापडतो. पण कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींना टॅग कुठले? सगळा ढीग एकाच ठिकाणी पडतो. एमओसी सरळ फोल्डर दाखवतो. एका फाइलवर एंटर दाबलं की तिथून पुढचं अख्खं फोल्डर वाजतं.

एमओसीत लहान क्यू दाबून खिडकी मिटली तरी गाणं चालूच राहतं, कारण वाजवणारा सर्व्हर मागे वेगळा असतो. थांबवायला मोठा क्यू. सी-मस बंद केला की गाणंही बंद. त्याच्या कळा व्हीआय (vi) या मजकूर-संपादकासारख्या, सवयीला चार दिवस जातात.

देखभालीत मात्र सी-मस पुढे: 2024 मध्येही त्याची नवी आवृत्ती आली. एमओसीची शेवटची स्थिर आवृत्ती 2016 ची.

भाच्याला मी एमओसी लावून दिला. टॅग लावायला बसणार असाल, संग्रह वाढता असेल, तर सी-मसच घ्या.