गुरुवार रात्री ९ : घरी पेशंट सांभाळणाऱ्यांच्या ग्रुपचा दहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, हा मशीनचा रिव्ह्यू नाहीये. घशातला कफ ओढायचं सक्शन मशीन कुठलं घेतलं, एअर बेडच्या मोटरचा आवाज येतो का, हे विचारायला लोक फोन करतात, त्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी. हा अनुभव आहे ऑनलाइन सपोर्ट ग्रुपचा, म्हणजे पेशंटचा नाही, पेशंटच्या घरच्यांचा ग्रुप. एप्रिल २०२५ पासून जातेय, मध्ये तीन आठवडे सोडला होता, तेही सांगते.

थोडी पार्श्वभूमी. माझा नवरा, वय ४१, नोव्हेंबर २०२४ मध्ये सिन्नरहून नाशिकला बाइकवर येताना पडला. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. हॉस्पिटलमध्ये आणला तेव्हा जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीत आहे ते मोजायचं स्केल, ५. हा आकडा मी तेव्हा येईल त्या फोनवर सांगायचे, १५ पैकी ५, म्हणजे नापास पण अगदीच भोपळा नाही असं काहीतरी डोक्यात होतं. त्या स्केलवर कमीत कमी मार्कच ३ असतात, डोळे नाही, आवाज नाही, हालचाल नाही तरी ३ मिळतात, हे मला दोन महिन्यांनी कळलं. म्हणजे ५ मधले त्याचे स्वतःचे दोनच.

ऑपरेशनमध्ये कवटीचा एक तुकडा काढला आणि तो त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला, सूज उतरली की परत बसवायचा म्हणून. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहितीये, बाकीच्यांना खोटं वाटतं. रोज स्पंज करताना पोटावर उजवीकडे ते हाड हाताला लागायचं आणि डोक्यावर त्याच आकाराचा खड्डा. मे महिन्यात बसवलं परत. ३४ दिवस आयसीयू, मग वॉर्ड, जानेवारीत घरी. घशाला ट्रॅकी म्हणजे श्वासासाठी भोक पाडून बसवलेली नळी, नाकात फीड द्यायची रायल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर. डिस्चार्जच्या वेळी मला सगळं शिकवलं, दोन-दोन तासांनी कूस बदलायची, फीड देताना डोकं वर ठेवायचं, फीड झाल्या झाल्या आडवं करायचं नाही, सक्शनची नळी किती आत घालायची. माझं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, सुचलंच नाही तसं काही विचारायचं असतं म्हणून.

ग्रुपच्या आधी मी एक पैसेवालं काउन्सेलिंग ॲप घेतलं होतं, नाव घेत नाही. रोज सकाळी साडेसातला नोटिफिकेशन यायचं, आज स्वतःसाठी दहा मिनिटं काढा. साडेसातला माझा एक हात त्याच्या पाठीखाली आणि दुसऱ्यात ओला टॉवेल असतो. दर वेळी नवीन काउन्सेलर, दर वेळी ॲक्सिडेंटपासून गोष्ट सुरू, तिसऱ्या बाईंनी रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या. पहिल्या दिवशी लिहिलं, लघवी साफ झाली, ताप नाही, मावशी वेळेवर आल्या. दुसऱ्या दिवशी पण तेच. मग बंद केलं.

ग्रुपचा नंबर फिजिओवाल्यांनी दिला. एक निवृत्त मेडिकल सोशल वर्कर मॅडम चालवतात, सोबत एक सायकॉलॉजिस्ट असतात, फी नाही. आम्ही अकरा जण. लातूरचा एक मुलगा जो वडिलांना सांभाळतो, कोल्हापूरचे एक सर ज्यांची बायको तेव्हा अशीच होती, मस्कतची एक ताई जिची आई इकडे डोंबिवलीत आहे आणि जी रोज कॅमेऱ्यातून आईकडे बघत बसते, बाकीचे असेच. नियम मोजके पण कडक. कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. अमुक गावचे वैद्य, तमुक महाराज, स्टेम सेल, यातलं काही आणायचं नाही. औषधाचे प्रश्न आपापल्या डॉक्टरला. सल्ला द्यायचा नाही हा नियम मला सुरुवातीला विचित्र वाटला, मग लक्षात आलं की गेले पाच महिने मला भेटणाऱ्या प्रत्येक माणसाने काही ना काही सल्लाच दिलाय, लिफ्टमध्येसुद्धा.

पहिला महिना मी दोनच स्टार दिले असते. दुसऱ्याच गुरुवारी कोल्हापूरच्या सरांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं की त्यांना सहा वर्षं झाली. मी मोबाईल उलटा करून ठेवला आणि तीन आठवडे लिंक उघडली नाही. मी तोपर्यंत महिने मोजत होते, वर्षं हा शब्द घरात कुणी काढलाच नव्हता.

परत गेले ती एका रात्रीमुळे. पावणेतीनला ट्रॅकीत कफ अडकला, चेहरा काळानिळा पडला, सक्शन केलं, निघाला, श्वास नीट झाला. हात धुवून स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसले आणि डोक्यात आलं, आज गेला असता तर सुटलो असतो. तो का मी, ते त्या वाक्यात नव्हतं. मग भीती वाटली स्वतःचीच. ग्रुपच्या मेसेजमध्ये टेलिमानसचा नंबर होता, १४४१६, सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, २४ तास, फुकट. लावला. मुलगी मराठीत बोलली. तिने आडवळण न घेता विचारलं, स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतोय का, त्यांना काही करायचा येतोय का. इतकं सरळ कुणी विचारल्यावर सरळ उत्तर देता येतं, नाही म्हणाले, आणि ते खरं होतं हे बोलताना मलाच कळलं. वीसेक मिनिटं बोललो. कुणाला रात्री असं वाटत असेल तर नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, तेव्हा शोधायची ताकद नसते.

त्या गुरुवारी हे ग्रुपमध्ये सांगितलं, कॅमेरा बंद ठेवून. कुणी अरेरे म्हणालं नाही. लातूरचा मुलगा म्हणाला, ताई मला बाबांना आंघोळ घालताना रोज येतो हा विचार, येतो आणि टॉवेल घेईपर्यंत जातो. बस एवढंच. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की मी वाईट नाहीये, दमलेली आहे.

आता एक गोष्ट जी मला इथेच कळली आणि बाहेर कुणालाच समजावता येत नव्हती. मॅडमनी सांगितलं की याला नाव आहे, ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे माणूस धड गेलेलाही नाही आणि धड आहे असंही नाही, असं गमावणं. पॉलिन बॉस म्हणून अमेरिकेतल्या एक फॅमिली थेरपिस्ट आहेत, त्यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांवर काम केलं. माणूस गेला का आहे हेच माहीत नाही, त्यामुळे रडायचं पण नीट जमत नाही आणि थांबायचं पण नाही. आमच्याकडे उलट, माणूस समोर आहे, दाढी वाढते, नखं कापावी लागतात, आणि तरी तो नाहीये. मॅडम म्हणाल्या दोन्ही एकदम खरं धरायला शिका, आहे पण आणि नाही पण, एकच निवडायच्या मागे लागलात की वेड लागेल. ऐकायला सोपं वाटतं. आत्ताच्या संक्रांतीला समोरच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले, काकू कुंकवाचं बोट घेऊन माझ्यापाशी आल्या आणि अर्धा सेकंद थांबल्या. अर्धाच. मग लावलं, वाण दिलं, तिळगूळ घे गं म्हणाल्या. मागच्या वर्षीची मी असते तर घरी येऊन तीन दिवस जेवले नसते. आता मला वाटलं, काकूंना पण कळत नाहीये, जसं मला कळत नाही तसंच. वाण म्हणून स्टीलचा डबा होता, त्यात आता त्याच्या प्रोटीन पावडरचा चमचा असतो.

नातेवाईकांचं म्हणाल तर दोन उदाहरणं ठरलेली असतात. एक सावित्री. सावित्रीचं सगळं प्रकरण तीन दिवसांत आटपलं हो. दुसरं अरुणा शानबागचं, मुंबईच्या केईएममधली नर्स, हल्ल्यानंतर तिथेच अंथरुणाला खिळलेली, तिला केईएमच्या नर्सनी बघ कसं सांभाळलं. खरंच सांभाळलं, १९७३ ते २०१५, ४२ वर्षं, आणि एक बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही हे सुप्रीम कोर्टानेसुद्धा २०११ च्या निकालात लिहिलंय. मला हे ऐकून आधी लाजच वाटायची, कारण फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला माकडहाडापाशी जखम झाली होती. ग्रुपमध्ये हे काढलं तर कोल्हापूरचे सर म्हणाले, अहो तो एक आख्खा वॉर्ड होता, त्यांच्या शिफ्ट बदलत होत्या, ड्युटी संपली की त्या घरी जात होत्या. तुमची ड्युटी कधी संपते? त्याच आठवड्यात मी आठवड्यातून एक दिवस १२ तासांची, पेशंट सांभाळणाऱ्या बायका पुरवणाऱ्या ब्युरोची मावशी लावली, ८०० रुपये. पहिल्या दिवशी काय करायचं सुचेना, बसने पंचवटीत जाऊन गोदाकाठी बसले आणि झोप लागली, तिथेच, पायऱ्यांवर, पर्स पोटाशी धरून.

वहीचं पण सांगायला हवं. आम्हा सगळ्यांचा त्रास एकच, बोट हललं की आनंद आणि दुसऱ्या दिवशी नाही हललं की सुतक. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या तो सगळं ऐकतो, मला बघून रडला. डॉक्टर म्हणायचे रिफ्लेक्स असेल. मी मध्ये. सायकॉलॉजिस्टनी सांगितलं, अर्थ लिहू नका, दिसलं ते लिहा. वेळ, आपण काय केलं, त्याने काय केलं, किती वेळा. आणि आरसा धरून बघा म्हणाले, स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर सगळ्यात आधी फिरते बऱ्याचदा, तपासणीत पण आरसाच वापरतात. मी त्याच्या शेव्हिंगचा छोटा गोल आरसा घेतला. जुलैभर वहीत शून्य, शून्य, शून्य. ११ ऑगस्टला सकाळी डावीकडे, चारपैकी दोनदा डोळे मागे गेले. १२ ला शून्य. १४ ला चारपैकी तीन. वही न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी स्वतः करून बघितलं आणि पहिल्यांदा रिफ्लेक्स हा शब्द वापरला नाही. पुढे फार काही झालं असं नाही, बोलत नाही, सांगितलेलं करत नाही, पण घरातलं भांडण तरी संपलं, आता आई पण आरसा घेऊन बसतात आणि प्रामाणिकपणे शून्य लिहितात.

जे आवडलं नाही ते. सुरुवातीला एक फॉर्म भरून घेतात, झारिट स्केल, २२ प्रश्न, एकूण ८८, जितके जास्त तितकं ओझं. पहिलाच प्रश्न की पेशंट गरजेपेक्षा जास्त मदत मागतो असं वाटतं का. अहो मागितली तर मी पेढे वाटीन. मेंदूला मार लागलेल्यांच्या घरासाठी निम्मे प्रश्न लागू पडत नाहीत, तरी माझे तेव्हा ६३ आले होते आणि डिसेंबरमध्ये ४७. ते उतरले त्यात ग्रुपचा वाटा किती आणि ब्युरोच्या मावशींचा किती, मला सांगता येणार नाही.

दुसरं, अर्धा ताण भावनांचा नसतोच, कागदांचा असतो. त्याच्या खात्यातले पैसे त्याच्याच डायपरसाठी काढता येत नाहीत कारण सही नाही, अंगठा चालत नाही म्हणाले बँकेत. कोमातल्या माणसाचा पालक नेमायला आपल्याकडे सरळ कायदाच नाही, हायकोर्टात रिट याचिका करावी लागते. ग्रुपमध्ये यावर ऐकून घेतलं, वकिलांशी काय बोलायचं त्याची यादी करून दिली, पण एक तास अकरा जणांत वाटला की वाट्याला पाच मिनिटं येतात आणि पाच मिनिटांत बँक मावत नाही. लोडशेडिंग झालं, नेट गेलं की तेही गेलं.

आणि ऑक्टोबरमध्ये कोल्हापूरच्या सरांच्या मिसेस गेल्या. आम्हाला वाटलं आता ते येणार नाहीत, त्यांचं इथे काय काम उरलं. दोन गुरुवार नव्हते. तिसऱ्याला आले, म्हणाले नऊ वाजले की हात आपोआप फीडच्या सिरिंजकडे जातो, म्हटलं इथे येऊन बसावं. कुणी काही बोललं नाही, आमच्या आई मागे पलंगावर त्याच्या पायाला तेल लावत होत्या, एरवी त्या ग्रुपच्या वेळी तोंड फिरवून बसतात, त्या दिवशी कॅमेऱ्यात वाकून म्हणाल्या, जेवलात का हो तुम्ही?

सर म्हणाले, नाही अजून. मग आईंनी त्यांना खिचडी कशी टाकायची ते सांगितलं, डाळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती. सल्ला द्यायचा नाही हा नियम मॅडमनी त्या दिवशी मोडू दिला.