पाडुआची संत अंतोनी बॅसिलिका आणि तिचे प्रापंचिक कारभारी : एका मार्गदर्शित फेरीचा अभिप्राय

इटलीतील पाडुआ शहरात फ्रान्सिस्कन (म्हणजे संत फ्रान्सिसच्या) संघातील संत अंतोनीच्या बॅसिलिकेला शहरवासी नुसते ‘इल सान्तो’ म्हणतात. तेथे प्रवेशासाठी तिकीट नाही; कोणीही आत जावे, समाधीच्या संगमरवराला हात लावावा, प्रार्थना करावी आणि निघावे. त्यामुळे पैसे मोजून मार्गदर्शक घेण्याची गरज काय, हा प्रश्न कोणालाही पडेल. मी ज्या स्थानिक संस्थेची फेरी घेतली तिचा विषय मात्र नेहमीचा नव्हता. चित्रे आणि चमत्कार यांच्याऐवजी बॅसिलिकेची मालमत्ता कोणी सांभाळली, देणग्यांचा हिशेब कोणी ठेवला आणि कलावंतांना पैसे कोणी दिले, या अंगाने ती बॅसिलिका दाखवते. वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चचे भग्नावशेष पाहत वाढलेल्या मला हा विषय फार जवळचा वाटला. चर्चच्या भिंती उभ्या राहतात त्या श्रद्धेइतक्याच चोख जमाखर्चामुळे, असे माझे जुने मत आहे. फेरीबद्दलचे माझे मत एकंदरीत अनुकूल आहे; तिच्या उणिवाही पुढे सांगतो.

फेरीची सुरुवात बाहेरच्या चौकात, शिल्पकार डोनातेल्लोने घडवलेल्या, गात्तामेलाता या सेनापतीच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ होते. मार्गदर्शक बाईंनी पुतळ्यावर वेळ दवडला नाही, हे मला आवडले. त्यांनी थेट मूळ पेच समोर ठेवला. संत फ्रान्सिसच्या संघाच्या 1223 च्या नियमावलीत बंधूंनी, म्हणजे संघातील भिक्षूंनी, नाणी किंवा पैसा स्वतः घेऊ नये आणि मध्यस्थामार्फतही घेऊ नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. घर, जागा, वस्तू यांपैकी काहीही आपल्या मालकीचे करायचे नाही, असेही ती नियमावली सांगते. इकडे अंतोनी 13 जून 1231 रोजी निवर्तला, एका वर्षाच्या आत, 30 मे 1232 रोजी, त्याला संतपद मिळाले आणि त्याच सुमारास त्याच्या समाधीवर हे प्रचंड मंदिर उभे राहू लागले. ज्यांनी पैशाला हात लावायचा नाही, त्यांच्या दारात देणग्यांचा ओघ लागला. मग हा पैसा घ्यायचा कोणी आणि ही वास्तू कोणाच्या नावावर ठेवायची?

याची उत्तरे रोमने टप्प्याटप्प्याने दिली आणि फेरीतील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. पोप नववे ग्रेगरी यांनी 1230 मध्ये असे ठरवले की, बंधूंच्या गरजांसाठी ‘आध्यात्मिक मित्र’ म्हणजे बाहेरचा एखादा विश्वासू गृहस्थ पैसे सांभाळू शकतो. चौथे इनोसंट यांनी 1245 मध्ये बंधूंच्या वापरातील वस्तूंची मालकी पोपच्या आसनाकडे घेतली. बंधूंनी फक्त त्या वापरायच्या. पुढे 1283 मध्ये चौथे मार्टिन यांनी बंधूंच्या वतीने व्यवहार करणाऱ्या प्रापंचिक प्रतिनिधींना व्यापक अधिकार दिले. बाविसावे जॉन यांनी 1322 मध्ये ही मालकीची व्यवस्था केवळ कागदोपत्री असल्याचे सांगून ती मोडली आणि त्यावरून संघात मोठे वादळ उठले. अखेर कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील महासभेने 1563 मध्ये बहुतेक भिक्षू संघांना सामाईक मालमत्ता बाळगण्याची मुभा दिली, तरी फ्रान्सिस्कनांच्या कापुचिन आणि ऑब्झर्व्हंट या शाखा त्यातून वगळल्या. पाडुआतील बंधू कॉन्व्हेंच्युअल या तिसऱ्या शाखेचे, म्हणजे त्यांना ती मुभा मिळाली. हा सारा इतिहास मार्गदर्शक बाईंनी चौकातच, उन्हात उभे राहून सांगितला. ऐकणाऱ्यांपैकी काही जण चुळबुळ करत होते हे खरे. परंतु हा पाया घातल्याशिवाय आतल्या एकाही वस्तूचा अर्थ नीट लागत नाही, असे माझे मत झाले आहे.

आत गेल्यावर कथा रोमकडून शहराकडे वळते. पाडुआच्या नगरशासनाने 1265 मध्ये बॅसिलिकेच्या बांधकामासाठी दरवर्षी 4000 लिरे देण्याचे ठरवले. म्हणजे हे मंदिर आरंभापासूनच नगरवासीयांनी आपले मानलेले काम होते. त्यातून जी संस्था आकाराला आली ती ‘वेनेरांदा आर्का दी सान्त अंतोनियो’. आर्का म्हणजे संताची समाधी. शहराचा अधिपती फ्रांचेस्को नोव्हेल्लो दा कारारा याच्या काळात, 1396 मध्ये, तिचे नियम लेखी झाले. देणग्या स्वीकारणे, मृत्युपत्रांनी आलेली मालमत्ता राखणे, दुरुस्त्या करणे, कलावंत आणि संगीतकार नेमणे ही कामे तिच्याकडे आली. पूजाअर्चा, मिस्सा आणि पापनिवेदन बंधूंकडे राहिले. आजही आर्काच्या अध्यक्षमंडळात शहरातून आलेले प्रापंचिक सदस्य बहुसंख्य असून त्यांच्या जोडीला बॅसिलिकेच्या बाजूचे धर्मगुरू असतात. राजे गेले, व्हेनिसचे प्रजासत्ताक आले आणि गेले, नेपोलियन आला आणि गेला. पण कारभाराची ही घडण सहाशे वर्षांहून अधिक काळ टिकली.

फेरीचा कळस मुख्य वेदीपाशी आहे, आणि तेथेच ही सेवा सर्वांत चांगली आणि सर्वांत अपुरी, दोन्ही ठरते. डोनातेल्लो 1443 पासून सुमारे दहा वर्षे पाडुआत होता. या वेदीसाठी फ्रांचेस्को दा तेर्गोला नावाच्या लोकर व्यापाऱ्याने 1446 मध्ये 1500 लिरे दिले होते. या कामाच्या नोंदी, कोणत्या हप्त्यात किती रक्कम, कोणत्या साहाय्यकाला काय, कांस्याचा आणि दगडाचा खर्च, हे सर्व आर्काच्या दप्तरात आहे, आणि त्या चोपड्या होत्या म्हणूनच ही वेदी कोणत्या क्रमाने घडली याचा माग इतिहासकारांना काढता आला. हे ऐकताना मला मनापासून भरून आले. शिल्पकाराचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. पण पै-पैचा हिशेब लिहून ठेवणाऱ्या कारभाऱ्यामुळे त्या नावामागचे काम आपल्याला कळते, हे कोणी असे समोर उभे राहून सांगत नाही.

वेदीवर संताच्या चार चमत्कारांची कांस्यपटले आहेत. त्यांतील कंजूष माणसाच्या हृदयाचे पटल या फेरीच्या विषयाशी इतके जुळते की ते मी पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. एका धनिकाच्या अंत्यविधीत अंतोनीने प्रवचनात सांगितले की, या माणसाचे हृदय त्याच्या छातीत नाही, त्याच्या धनाच्या पेटीत आहे. डोनातेल्लोने मधोमध ते प्रेत दाखवले आहे. छाती उघडलेली, भोवती माणसे दाटीवाटीने वाकलेली, कोणी मागे सरकते आहे, कोणी गुडघे टेकले आहेत, आणि एका बाजूला पेटीत हृदय सापडते आहे. मागे कमानी आणि पायऱ्यांची रचना इतकी खोल कोरली आहे की अंगुळभर उठावात मोठा चौक उभा राहतो. एका व्यापाऱ्याने आपले धन मोकळे करून जी वेदी उभारायला लावली, तिच्यावर धन न सोडणाऱ्या माणसाची कथा असावी, हे फार बोलके आहे. मार्गदर्शक बाईंनी या पटलासमोर आम्हाला मोजकेच क्षण दिले आणि गट पुढे नेला. ज्या फेरीचा विषयच पैसा आणि श्रद्धा हा आहे, तिने येथे थांबायलाच हवे होते. आणखी एक गोष्ट त्यांनी ओझरती सांगितली, तीही विस्ताराने यायला हवी होती : आज दिसते ती मांडणी डोनातेल्लोची नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही वेदी सुटी करण्यात आली आणि 1895 मध्ये वास्तुविशारद कामिल्लो बोईतो याने तिची पुन्हा जुळणी केली.

संगीताचा भाग मात्र त्यांनी सुरेख रंगवला. बॅसिलिकेचा वाद्यवृंद आर्काच्या पगारावर होता. व्हायोलिनवादक ज्युझेप्पे तार्तिनी याला 1721 मध्ये नेमताना त्याची ख्याती पाहून नेहमीची परीक्षा माफ करण्यात आली. पुढे 1723 मध्ये तो प्रागला गेला आणि 1726 मध्ये परतला तेव्हा त्याची जागा त्याची वाट पाहत होती. चांगला माणूस सोडायचा नसेल तर त्याला मोकळीक द्यावी लागते, हे या कारभाऱ्यांना उमगले होते. त्याच शतकात, 1749 च्या मार्च महिन्यात, मोठी आग लागून गायनस्थळाचे जडावकामाचे लाकूड आणि वाद्ये जळाली. त्यानंतर सगळे पुन्हा उभे करण्याचे ओझेही आर्कावरच आले.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या बाबतीत फेरी कमी पडते, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. नेपोलियनच्या राजवटीने 1810 मध्ये इटलीच्या राज्यातील धार्मिक संघ विसर्जित केले. पुढे एकीकृत इटलीच्या 1866 च्या कायद्याने त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. अशा काळात प्रापंचिकांच्या हाती असलेल्या संस्थेचे महत्त्व किती वाढते, हे सांगण्याची संधी मार्गदर्शकाने दवडली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 1929 चा करार. इटली आणि पोपचे आसन यांच्यातील त्या वर्षीच्या करारातील कलम 27 नुसार लोरेतो, असिसी आणि पाडुआ येथील बॅसिलिका त्यांच्या इमारती आणि संलग्न संस्थांसह पोपच्या आसनाकडे सोपवण्यात आल्या. मात्र निव्वळ ऐहिक स्वरूपाच्या संस्था त्यातून वगळल्या होत्या. तो अपवाद पाडुआच्या दृष्टीने कळीचा आहे, कारण शतकानुशतके गृहस्थांनी चालवलेली संस्था धार्मिक मानायची की ऐहिक, हा प्रश्न त्या एका वाक्यात दडलेला आहे. मी प्रश्न विचारल्यावर बाईंनी नेमके उत्तर दिले. म्हणजे माहिती त्यांच्याकडे होती, फेरीच्या आखणीत तिला जागा नव्हती.

फ्लोरेन्सच्या सान्ता क्रोचेशी तुलना केली तर पाडुआचे वेगळेपण अधिक कळते. तेथे ‘ओपेरा दी सान्ता क्रोचे’ ही संस्था बॅसिलिका सांभाळते. तिच्या सात सदस्यांपैकी पाच जणांची नेमणूक गृहमंत्री करतात आणि दोघांची बिशप, आणि पर्यटकांना आत जाण्यासाठी तिकीट काढावे लागते. पाडुआत मुख्य मंदिर सर्वांना खुले आहे. मला पाडुआची पद्धत अधिक भावते. पण 1966 च्या पुरात सान्ता क्रोचेतील, चित्रकार चिमाबुएने रंगवलेल्या क्रुसाची झालेली हानी पाहिलेल्या फ्लोरेन्सला देखभालीसाठी खात्रीचे उत्पन्न हवे असते, हेही मला मान्य आहे.

फेरीनंतरच्या भागाबाबत एक इशारा द्यायला हवा. संत जॉर्जचे प्रार्थनागृह, तेथील चित्रकार आल्तिकिएरोची 1384 पर्यंत पूर्ण झालेली भित्तिचित्रे, आणि शेजारचे स्कोलेत्ता, जेथे तरुण टिशियनने 1511 मध्ये तीन चित्रे रंगवली, ही दोन्ही स्थळे फेरीच्या जाहिरातीत ठळक छायाचित्रांसह दाखवलेली होती. प्रत्यक्षात फेरी त्यांच्या दाराशी संपते आणि आत जाण्याचे तिकीट आपण वेगळे काढायचे असते. आरक्षणाच्या वेळी हे स्पष्ट सांगायला हवे होते. स्कोलेत्ता संत अंतोनीच्या संघटनेची, म्हणजे पुन्हा प्रापंचिकांचीच वास्तू आहे. विषयाच्या दृष्टीने ती फेरीत असायलाच हवी. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे तिकीट जरूर काढावे. केवळ आल्तिकिएरोच्या निळ्या रंगासाठीसुद्धा ते योग्य ठरेल. पाडुआच्या चौदाव्या शतकातील भित्तिचित्रांना 2021 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात हे प्रार्थनागृह आणि बॅसिलिकाही आहे.

मराठी वाचकांसाठी एक धागा येथे नोंदवतो, कारण मार्गदर्शक बाईंना तो ठाऊक नव्हता आणि त्यांनी तो उत्सुकतेने लिहून घेतला. एप्रिल 1321 मध्ये ठाण्यात जे चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्यांत पाडुआचा जाकोमो होता. तोलेंतिनोचा तोमास, सिएनाचा पिएत्रो आणि तिबिलिसीचा देमेत्रियो हे त्याचे सोबती. पोर्देनोनेचा ओदोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी काही वर्षांनी तेथे आला आणि त्यांच्या अस्थी चीनकडे घेऊन गेला. ठाण्याच्या खाडीकाठी प्राण गमावलेला हा बंधू ज्या शहरातून आला, त्या शहरात बंधूंच्या देणग्यांची मोजदाद गृहस्थ करत होते.

फेरी इंग्रजीत आणि इटालियनमध्ये आहे. कानातील यंत्राचा आवाज समाधीच्या चॅपेलमध्ये गर्दीमुळे तुटत होता, म्हणून तेथे बाईंच्या जवळ उभे राहावे. शुल्क मला रास्त वाटले, पण वेदीपाशी दुप्पट वेळ आणि 1929 च्या करारावर दहा मिनिटे दिली तर ते पुरेपूर वसूल होईल. मिस्सा चालू असताना गटाला आत थांबावे लागते, तेव्हा सकाळची उशिराची वेळ टाळावी. 13 जूनच्या सणाच्या आसपास भाविकांची रीघ लागते. वेदीची पटले शांतपणे पाहायची असतील तर त्या आठवड्यात आरक्षण करू नये.