गरम झाल्यावर सेल्फ लागत नाही: रिले, नवा स्टार्टर की हीट शील्ड?

ब्रिटनमध्ये घरच्या गॅरेजात किट कार (सुटे भाग आणून स्वतः जुळवायची गाडी) बांधणाऱ्यांना, मग ती लोटस सेव्हनच्या धाटणीची असो की व्ही-८ बसवलेली कोब्राची प्रतिकृती, हे दुखणं कधी ना कधी गाठतंच. सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते, तासभर सुरेख पळते. पेट्रोल भरायला थांबलात, पैसे देऊन आलात, चावी फिरवली की नुसता ‘टक्’. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू. यावर तीन उपाय सुचवले जातात: स्टार्टर रिले (चावीच्या छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच), गिअर-रिडक्शन स्टार्टर आणि हीट शील्ड. माझा कौल रिलेला, पण आधी मल्टीमीटर लावून मगच. आणि सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही असं असेल, तर या तिन्हींवर पैसे घालू नका. ते दुखणं पेट्रोलचं किंवा इग्निशनचं. त्याकडे शेवटी येतो.

जुन्या लुकास इनर्शिया स्टार्टरचा सोलेनॉइड (चावी फिरवली की मोटरला वीज जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) वेगळा, बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर असायचा. नंतरच्या प्री-एंगेज्ड स्टार्टरमध्ये तो स्टार्टरच्याच पाठीवर येऊन बसला. किट कारच्या चिंचोळ्या इंजिन बेमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे पाइप बऱ्याचदा त्याच्या शेजारूनच जातात. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे सोलेनॉइड १०० अंशांनी तापला की त्याच्या कॉइलचा रोध जवळपास ४० टक्क्यांनी जास्त. त्यामुळे करंट कमी, आणि ओढही कमी. आता त्याच्यापर्यंत वीज कशी पोचते ते पाहा: बॅटरीतून डॅशबोर्डवरच्या चावीत, तिथून इमोबिलायझरमध्ये (चोरी रोखणारं यंत्र), मग परत इंजिनकडे. समजा यात दीड चौरस मिलिमीटरची ३ मीटर वायर आहे आणि सोलेनॉइड ओढताना ३५ अँपिअर घेतो. नुसत्या वायरीतच सव्वा व्होल्टच्या आसपास जातात. चावीचे जुने काँटॅक्ट आणि कनेक्टर खातात ते निराळंच. थंड असताना हे खपून जातं, गरम झाल्यावर नाही.

म्हणून गाडी रुसलेली असतानाच मोजा. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हात आणि वायर पाइपांपासून लांब. मल्टीमीटरची एक पिन सोलेनॉइडच्या ५० नंबरच्या टर्मिनलवर (चावीकडून येणारी वायर जिथे जोडतात), दुसरी स्टार्टरच्या बॉडीवर, आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. आठ-साडेआठ व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसले आणि त्याच वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर ११ च्या पुढे असतील, तर वीज वाटेत सांडतेय, रिले घ्या. टर्मिनलवर दहाच्या वर येऊनही नुसता ‘टक्’ होत असेल, तर चावीच्या वायरिंगला दोष देऊ नका. सोलेनॉइड किंवा मोटरच थकली आहे.

रिलेचं काम सोपं आहे. चावीची जुनी वायर रिलेच्या ८६ ला, ८५ अर्थला. स्टार्टरवर आलेल्या जाड बॅटरी केबलच्या बोल्टवरून फ्यूज घालून ४ चौरस मिलिमीटरची आखूड वायर ३० ला आणि तेवढीच जाड वायर ८७ वरून सोलेनॉइडच्या ५० ला. चावीवरचा भार पाव अँपिअरच्याही खाली येतो. रिले ४० अँपिअरचा किंवा वरचा घ्या आणि बल्कहेडवर, एक्झॉस्टपासून दूर बसवा. सगळं मिळून साधारण वीस पौंड आणि एक दुपार.

गिअर-रिडक्शन स्टार्टर शंभर पौंडांपासून अडीचशेच्या पुढेही जातो. वस्तू मात्र चांगली. छोटी मोटर वेगाने फिरते, आतले गिअर तिचा जोर वाढवतात, त्यामुळे करंट कमी लागतो, वजन कमी आणि पाइपांपासून अंतरही जास्त मिळतं. काहींची माउंटिंग प्लेट फिरवून सोलेनॉइड थेट एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला नेता येतो. माझ्या मते मोठ्या व्ही-८ साठी हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. पण सोलेनॉइड याच्याही पाठीवर असतोच. वायरिंग तसंच ठेवलंत तर अडीचशे पौंड घालूनही तोच ‘टक्’ ऐकाल. आणि मागवण्याआधी फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे दात मोजा, नव्या स्टार्टरचा गिअर त्यांच्याशी जुळायला हवा.

हीट शील्ड एकट्याने दुखणं बरं करते असं क्वचितच, पण सोबतीला उत्तम. स्टार्टर आणि पाइप यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्हीकडे हवेला फट ठेवून. पाइपांवर गुंडाळायची हीट रॅप मात्र मला आवडत नाही. पाइप साध्या पोलादाचे असतील तर ती ओल धरून ठेवते आणि गंज आतल्या आत पाइप खातो.

या तिन्हींच्या आधी मात्र एक फुकटचं काम करा, ते म्हणजे अर्थिंग तपासणं. किट कारची बॉडी फायबरग्लासची आणि चॅसिसवर पावडर कोटिंग. ते कोटिंग वीज जाऊ देत नाही, आणि अर्थची रिंग त्याच्यावरच आवळलेली कितीतरी गाड्यांत सापडते. तिथे बोल्टच्या चार आट्यांवरच सगळा भार. रिंगच्या मापाएवढं कोटिंग कानशीने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून आवळा, वर व्हॅसलीन. मग सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर इंजिनवरून थेट एक जाड अर्थ स्ट्रॅप टाका. बॅटरी डिकीत असेल तर केबलही पाहा: २५ चौरस मिलिमीटरची ४ मीटर केबल २०० अँपिअरला अर्ध्या व्होल्टहून जास्त खाते, ५० ची त्याच्या निम्मं.

आता सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, ती तऱ्हा. एक प्लग काढून पाहा. ओला असेल तर वेबर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उष्णतेने उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. ॲक्सिलरेटर पंप करू नका, प्रत्येक दाबेला आणखी पेट्रोल आत जातं. तो पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. कायमचा इलाज म्हणजे कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक स्पेसर आणि पेट्रोलचा दाब ३ पीएसआयच्या आसपास. प्लग कोरडा असेल तर आधी ठिणगी पाहा. बॅलास्ट रेझिस्टर (एरवी कॉइलचं व्होल्टेज कमी ठेवणारा रोध) असलेल्या इग्निशनमध्ये सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण व्होल्टेज देणारी वायर घरच्या वायरिंगमध्ये जोडायची राहून जाते. ठिणगी ठणठणीत असेल तर लाइनमध्ये वाफ धरलीय. तेव्हा टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परत जाणारी लाइन, आणि लाइन एक्झॉस्टपासून लांबून. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय. उन्हाळ्यात एक टाकी ई५ सुपर भरून फरक पडतो का पाहा, ते पंप विकत घेण्यापेक्षा स्वस्त.