पाठुंगळीची सोय: कोकणातल्या भटकंतीसाठी चाईल्ड कॅरियर निवडताना

कोकणात दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन हिंडायचं म्हटलं की बाबागाडी दोन ठिकाणी हात टेकते: कोरड्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, आणि पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर. पुळणीत चाकं रुततात आणि पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्यांना एकसारखी उंची नसते. कडेवर घेतलं तर थोड्याच वेळात हात भरून येतो, शिवाय चढावर आधाराला हात मोकळा राहत नाही. म्हणून पाठीवरचा, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमचा चाईल्ड कॅरियर. किंमत पाच आकडी आणि उपयोग फार तर दोन-तीन वर्षांचा, त्यामुळे निवड चुकली तर तो माळ्यावर जाऊन पडतो. जाहिराती सहसा कप्पे आणि खिसे दाखवतात. आपल्या किनाऱ्यावर निकाल लागतो तो रिकाम्या कॅरियरचं वजन, पाठीमागे खेळणारी हवा आणि कमरपट्ट्याची बसण यांवर.

आधी वजनाचा हिशेब. दीड वर्षाचं मूल साधारण १० ते ११ किलोचं असतं. फ्रेमचा कॅरियर सव्वातीन किलोचा धरा. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. लंगोट, बदलायचे कपडे, डबा, टोपी आणि पावसाचं आवरण मिळून दीड किलो. बेरीज १७-१८ किलोंवर जाते. ५५ किलो वजनाच्या आईसाठी हे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश झालं. चढउताराच्या वाटेवर स्वतःच्या वजनाच्या पाव भागापेक्षा जास्त ओझं उचलू नये, हा साधा नियम इथे मोडतो. उपाय सरळ आहे: मूल एकाच्या पाठीवर, पाणी आणि बाकी सामान दुसऱ्याच्या. मग कॅरियरला मोठे कप्पे हवेतच कशाला? कप्पे असले की ते भरले जातात.

या हिशेबाने डॉयटर या कंपनीच्या तीन कॅरियरपैकी ‘किड कम्फर्ट अ‍ॅक्टिव्ह’ इथे सर्वांत योग्य ठरतो. त्याचं वजन साधारण पावणेतीन किलो आहे. नुसता ‘किड कम्फर्ट’ सव्वातीनच्या आसपास जातो आणि ‘प्रो’ साडेतीनच्याही वर. तिन्हींच्या पाठीला ताणलेली जाळी असते, त्यामुळे पाठ आणि बैठक यांच्यामध्ये हवा फिरते. मार्च ते मे या काळात घाम वाळतच नाही अशा दमट हवेत हा फरक पहिल्या चढावरच जाणवतो. बैठकीची बाजू उघडते, म्हणून चालतं मूल स्वतः आत चढतं आणि त्याला वरून उचलून टाकताना आपली कंबर धरत नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’ची एकच मोठी उणीव म्हणजे सावलीचं छत वेगळं विकत घ्यावं लागतं. कोकणात ते घ्यायलाच हवं, तेव्हा किमतीची तुलना छतासकट करा.

ऑस्प्रे या दुसऱ्या कंपनीच्या ‘पोको’ला छत आतच बसवलेलं असतं, मागच्या खिशातून ओढलं की तयार. मुलाच्या खांद्यांवरचे पट्टेही चांगले आहेत. पण वजन साडेतीन किलोंच्या घरात. ‘पोको एलटी’ त्याहून किलोभराने हलका आहे आणि घडी घालून सपाट होतो. एसटीने किंवा कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा, कारण उघड्या फ्रेमचा कॅरियर सीटखाली जात नाही आणि गर्दीच्या डब्यात वरच्या फळीवर मावत नाही. ऑस्प्रेची कमाल मर्यादा सुमारे २२ किलो आहे, मात्र त्यात मूल, सामान आणि खुद्द कॅरियर हे तिन्ही धरलेले आहेत. साडेतीन किलो आधीच वजा होतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. घेण्याआधी प्रत्येक कंपनीची मर्यादा नेमकी कशाकशाची आहे ते लेबलवर वाचा. मुलाचं किमान वजन ‘पोको’साठी सव्वासात किलो आहे, पण वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मूल आधाराशिवाय बसतं का आणि मान स्वतः पेलतं का. ते होईपर्यंत फ्रेमचा कॅरियर नको.

दुकानात रिकामा कॅरियर पाठीला लावून काहीच कळत नाही. दहा किलोची तांदळाची पिशवी बैठकीत ठेवायला सांगा आणि निदान पंधरा मिनिटं जिने चढा-उतरा. आधी सगळे पट्टे पूर्ण सैल करा. कमरपट्टा पोटावर येत असेल तर चुकलं. त्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कंगोऱ्यावर यायला हवा. तो आवळल्यावर, खांद्याचे पट्टे सैल असतानाच, बहुतेक भार कमरेवर जाणवला पाहिजे. मग पाठीची लांबी: मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जो टोकदार मणका हाताला लागतो, त्याच्या दोन-तीन बोटं खाली खांद्याच्या पट्ट्यांचा उगम यावा. उगम वर गेला तर पट्टे खांद्यांवरून अधांतरी राहतात, फार खाली आला तर ते खांदे मागे ओढतात. त्यानंतर खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून वर फ्रेमकडे जाणारे छोटे पट्टे आणि सगळ्यात शेवटी छातीचा. ते छोटे पट्टे साधारण ४५ अंशांत तिरके राहिले की बसण ठीक आहे. आई आणि बाबा दोघंही आळीपाळीने घेणार असतील तर पाठीची लांबी किती चटकन बदलते ते दुकानातच करून पाहा. उंचीत वीतभर फरक असलेल्या जोडप्याला ही गोष्ट रंग आणि खिशांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची.

मुलाच्या बाजूने तीन गोष्टी बघायच्या. बैठकीची उंची अशी की हनुवटी पुढच्या मऊ उशीच्या जरा वर राहील. झोप लागली की डोकं त्या उशीवर टेकतं. बैठक रुंद असावी, मांड्यांना गुडघ्यांपर्यंत आधार मिळावा आणि गुडघे कुल्ल्यांच्या किंचित वर राहावेत. अरुंद बैठकीत पाय सरळ खाली लोंबतात, सगळा भार जांघेत येतो. तिसरं म्हणजे पावलांचे आधार, रिकिबीसारखे. बरेच जण ते लावतच नाहीत. पाय लोंबते राहिले की मांडीखालची कड रुतते, पायांना मुंग्या येतात आणि मूल रडायला लागतं. घरच्यांना वाटतं त्याला भूक लागली. मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं, एवढा तो आवळलेला हवा. पाय घालायच्या जागा लहान मुलासाठी पूर्ण आवळून घ्या.

मागची टेकणी, म्हणजे कॅरियर जमिनीवर उभा ठेवणारा पाय, ‘खट्’ आवाज येईपर्यंत उघडली पाहिजे. तरीही ती खुर्ची नाही. ओल्या पुळणीत तिची एक बाजू रुतते आणि मूल पुढे झुकलं की कॅरियर कलंडतो. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, खळगे असतात, तिथेही तेच. मूल आत असताना एकाचा हात वरच्या मुठीवर राहिलाच पाहिजे. गडग्यावर, ओट्यावर किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवून मूल बसवू नये. उचलताना एक पाय पुढे घेऊन गुडघे वाकवा, मुठीला धरून कॅरियर मांडीवर घ्या, एक हात पट्ट्यात घाला, मग दुसरा. दुसरं माणूस असेल तर त्याने मागून धरावं.

आता कोकणाच्या खास अडचणी. छत उघडलं की तुमच्या उंचीत वीतभर भर पडते आणि हे कॅरियर पाठीवर असलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही. काजूच्या खालच्या फांद्या, वाडीतल्या कपड्यांच्या दोऱ्या, किल्ल्यांच्या मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी: या ठिकाणी कमरेतून वाकलात तर मूल डोक्यावरून पुढे झुकतं. गुडघ्यात बसून सरळ पाठीने पार व्हा, नाहीतर कॅरियर उतरवा. जयगड, विजयदुर्गसारख्या समुद्रात घुसलेल्या कड्यांवर संध्याकाळचा वारा छताला मागे ओढतो. वारा सुटला की छत मिटा आणि मुलाला कानटोपी घाला.

सडा ही वेगळीच परीक्षा. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं पाहायला लोक लहान मुलांसकट जातात आणि जावंच, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण सड्यावर झाड नाही, जांभा तापतो आणि खालून झळ येते. छताची सावली डोक्यावर आणि छातीवर पडते. पोटऱ्या आणि पावलं उन्हातच राहतात. पातळ सुती पूर्ण विजार आणि मोजे घाला, त्याने करवंदीच्या काट्यांपासूनही बचाव होतो. सकाळी सातला निघून दहाच्या आत परत. चालणाऱ्याला घाम येतो म्हणून मुलालाही तितकंच उकडतंय असं नसतं, आणि फेब्रुवारी-मार्चच्या पहाटे वेळासला कासवाची पिल्लं पाहायला जाताना उलट होतं: तुम्ही चालून गरम, मूल बसून गार. मानेच्या मागे हात लावून पाहणं हीच खरी खूण. पाऊण तासाने मुलाला बाहेर काढून पाय मोकळे करू द्या. झोपलं असेल तर हनुवटी छातीला चिकटली नाही ना, हे सोबतच्याने पाहत राहावं. एकटे असाल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा पुरतो.

पावसाळ्यात पाखाडीला शेवाळ धरतं. अशा उतारावर पाठीवर मूल घेऊन जाऊच नये, काठी असली तरी. पाय घसरला तर माणूस बहुधा मागे पडतो, आणि मागे मूल आहे.

होडीत बसताना मूल कॅरियरमधून बाहेर काढायचं, यात तडजोड नाही. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, कुठेही. फ्रेमला पट्ट्यांनी बांधलेलं मूल पाण्यात पडलं तर ते चटकन सोडवता येत नाही. जंजिऱ्याला तर वर्षानुवर्षं हलत्या होडीतून थेट दरवाजाच्या पायरीवर उतरावं लागत आलंय. मुलाला लाइफ जॅकेट घालून हातात घ्या, रिकामा कॅरियर दुसऱ्याकडे द्या. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवरही हेच. आणि कॅरियर म्हणजे गाडीतली चाईल्ड सीट नव्हे. प्रवासात तो डिकीत.

होडी, अरुंद दिंडी, भुयारी वाटा असा बेत असेल आणि मूल वर्षाच्या आतबाहेरचं असेल, तर रुंद बैठकीचा कापडी कॅरियर पाठीवर बांधणं जास्त सोयीचं. वजन किलोभराच्या आसपास आणि पिशवीत मावतो. दोष एकच: दोघांची अंगं चिकटतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. पोटावर बांधून पाखाडी उतरू नका, स्वतःची पावलं दिसत नाहीत. कमरेला स्टूल बांधलेले ‘हिप सीट’ बाजारात फिरायला ठीक, वाटेवर नाहीत.

खाऱ्या हवेत कॅरियर टिकवायचा तर प्रत्येक समुद्रफेरीनंतर गोड्या पाण्याने फ्रेमचे सांधे, स्क्रू आणि बकलं धुवा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा स्क्रू असेल तिथे मिठाच्या पाण्याने पांढरी पूड धरते आणि टेकणी अडकते. बकलात वाळूचा कण राहिला तर ते बंद झाल्यासारखं वाटतं, पण झटक्यात उघडतं. दरवेळी ओढून पाहा. मशीनमध्ये धुऊ नका. सौम्य साबण, मऊ ब्रश आणि वारा लागेल अशा सावलीत दोन दिवस वाळवणं, कारण कमरपट्ट्याच्या फोममध्ये ओल राहते आणि जूनमध्ये बुरशी येते. कडक उन्हात टाकू नका, पट्ट्यांचा नायलॉन कमजोर होतो. पावसाळाभर पिशवीत बांधून माळ्यावर ठेवण्याऐवजी खुंटीला टांगा.

जुना घेत असाल तर सीट आणि पट्ट्यांची शिवण उसवलीय का, फ्रेम वाकलीय का, टेकणी लॉक होते का ते पाहा आणि उत्पादनाची तारीख लेबलवर शोधा. २०१२ ते २०१४ मध्ये बनलेले ऑस्प्रेचे ‘पोको’ कंपनीने २०१६ मध्ये परत मागवले होते, कारण लहान मूल पाय घालायच्या जागेतून खाली सरकू शकत होतं. त्यावर कंपनीने बैठकीत बसवायची जादा गादी मोफत दिली. त्या वर्षांतला ‘पोको’ कुणी देत असेल आणि ती गादी सोबत नसेल, तर घेऊ नका.