महायुद्ध, ग्वाल्हेर आणि ‘लॉयल्टी’ : लष्करातील एका इतिहासफेरीचे परीक्षण

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी ‘लष्कर’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याचा मूळ अर्थ सहसा मनात येत नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे शहर झाले. फौजेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तीत दोन महायुद्धांची आठवण सांगणारी पायी फेरी काही तरुणांनी सुरू केली आहे, हे कळल्यावर मी लगेच नाव नोंदवले आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामांनाही बरोबर घेतले. त्यांच्या आजोबांनी संस्थानच्या पलटणीत चाकरी केली होती. फेरी तीन तासांची आहे, शुल्क माणशी ४०० रुपये आणि ज्येष्ठांना २५० रुपये आहे, एका तुकडीत पंधराहून अधिक माणसे घेत नाहीत आणि महिन्यातून एकदा संपूर्ण निवेदन मराठीत असते. आम्ही त्या मराठी फेरीला गेलो.

सुरुवात सकाळी सात वाजता महाराज बाड्यावर, जिवाजीरावांच्या पुतळ्यापाशी झाली. ही जागा फार विचारपूर्वक निवडली आहे. जिवाजीरावांचा जन्म १९१६ च्या जूनमधला, म्हणजे पहिले महायुद्ध ऐन भरात असतानाचा, आणि त्यांचे वडील, ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांनी त्यांचे नाव बादशहा पंचम जॉर्ज यांच्यावरून ‘जॉर्ज जिवाजीराव’ असे ठेवले होते. कन्येचे नावही राणीवरून ‘मेरी कमलाराजे’ असे होते. कमलाराजांच्या नावाचे रुग्णालय शहरात सगळ्यांच्या परिचयाचे आहे, पण त्या नावाचा पूर्वार्ध मला साठी उलटल्यावर कळला. निवेदन करणाऱ्या तरुणीने एवढेच सांगून प्रश्न विचारला की ज्या राजघराण्यात मुलांची नावे अशी ठेवली जात होती, तिथे १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धाची बातमी आल्यावर दुसरा कोणता निर्णय होऊ शकला असता? गर्दी वाढण्यापूर्वीच्या शांत चौकात तो प्रश्न चांगलाच पोहोचला.

फेरीचा सर्वांत समृद्ध भाग म्हणजे ‘लॉयल्टी’ या जहाजाची कथा. तो सराफ्याच्या अलीकडे एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर बसवून, नकाशे आणि छायाचित्रांच्या प्रती हातात देऊन सांगितला जातो. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची जुनी प्रवासी बोट होती. ती प्रशांत महासागरात कॅनडा आणि पूर्व आशिया यांच्यामध्ये फेऱ्या करीत असे. १९१४ च्या डिसेंबरमध्ये माधवराव शिंद्यांच्या पुढाकाराने ती विकत घेतली गेली, तिचे ‘लॉयल्टी’ म्हणजे ‘निष्ठा’ असे नामकरण झाले आणि भारतीय जखमी सैनिकांसाठी ती इस्पितळ-जहाज म्हणून वापरली गेली. असे जहाज देण्याची ही महाराजांची पहिली वेळ नव्हती. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी, १९०० साली, त्यांनी ‘ग्वालियर’ नावाचे इस्पितळ-जहाज पाठवले होते आणि ते स्वतःही तिकडे गेले होते. निवेदिकेने हे दोन्ही प्रसंग एकमेकांना जोडून दाखवले आणि त्यामुळे १९१४ चा निर्णय एकाएकी झालेला वाटला नाही.

या जहाजाचा उत्तरार्ध तर प्रत्येक मराठी माणसाने ऐकावा असा आहे. युद्ध संपल्यावर ‘लॉयल्टी’ विक्रीला निघाली तेव्हा सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी यांच्यासह ती घेण्याचा घाट घातला आणि १९१९ च्या मार्चमध्ये नवी नौकानयन कंपनी उभी केली. जहाज ज्यांच्याकडून आले त्या घराण्याच्या नावावरून कंपनीचे नाव ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ असे ठेवले गेले. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, आणि भारतीय मालकीच्या कंपनीच्या त्या सफरीची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. साम्राज्यावरील निष्ठेचे नाव घेऊन युद्धात उतरलेली बोट युद्ध संपताच इंग्रज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या स्वदेशी उद्योगाचे पहिले जहाज ठरली. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या आमच्या शहराचा या गोष्टीत एवढा मोठा वाटा आहे, हे मला अर्धवट ठाऊक होते, पण इतक्या सलगपणे ते कोणी सांगितले नव्हते. केवळ या पाऊण तासासाठीसुद्धा मी शुल्क आनंदाने दिले असते.

पुढचा टप्पा पूर्व आफ्रिकेचा. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये आजच्या इस्रायलमधील हैफा येथे जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने केलेला पराक्रम दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकामुळे पुष्कळांना माहीत असतो, पण टांगा हे नाव ग्वाल्हेरमध्येही कोणाला आठवत नाही. आजच्या टांझानियाच्या किनाऱ्यावरील हे बंदर तेव्हा जर्मन वसाहतीत होते. १९१४ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटिश जनरल एटकेन यांच्या हाताखाली सुमारे आठ हजार सैनिक तिथे उतरले, आणि त्यांत संस्थानी फौजेच्या ब्रिगेडमध्ये काश्मीरच्या पलटणींबरोबर ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पायदळ पलटणीची अर्धी तुकडीही होती. समोर जर्मन सेनापती लेटो-फोरबेक यांचे जेमतेम हजारभर सैनिक होते, तरीही हल्ला साफ फसला. शत्रूची नीट टेहळणी झाली नव्हती, लांबच्या समुद्रप्रवासाने माणसे आजारी आणि थकलेली होती, आणि उतरण्यात इतका वेळ गेला की जर्मनांना आगगाडीने कुमक आणता आली. लढाईच्या ऐन रंगात गोळीबाराने पिसाळलेल्या मधमाश्यांनी दोन्हीकडच्या सैनिकांवर झडप घातली. बहुतेक सांगणारे या मधमाश्यांपाशीच रेंगाळतात. या फेरीतील तरुणाने तो मोह टाळला आणि पराभवाची कारणे एकेक करून मांडली, शिवाय पराभवाचा ठपका पुढे भारतीय शिपायांवर कसा ठेवला गेला तेही सांगितले. मामा तेव्हा प्रथमच बोलले. त्यांच्या घरात ‘आफ्रिकेची लढाई’ हा उल्लेख नेहमी खालच्या आवाजात होत असे, आणि त्यामागे लाज होती असे त्यांना आज वाटते, असे ते म्हणाले. त्यावर त्या मुलाने, “काका, शिपायांना लाजण्यासारखे त्यात काही नव्हते,” असे अगदी साधेपणाने उत्तर दिले.

परदेशातील बाजू अशी उत्तम उभी राहते. पण घरची बाजू, म्हणजे ज्या गल्ल्यांतून आम्ही चाललो त्या गल्ल्यांत युद्धाने काय केले, ही बाजू मात्र दुबळी आहे, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे. तीन तासांत या विषयाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, तीही शेवटी, सगळे दमल्यावर. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय परदेशी गेले आणि सुमारे ७४,००० मेले, हे आकडे सांगितले गेले. परंतु १९१७ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला दहा कोटी पौंड, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १५० कोटी रुपये, युद्धखर्चासाठी दिले आणि ही रक्कम सरकारच्या जवळजवळ वर्षभराच्या महसुलाएवढी होती, याचा उल्लेखही झाला नाही. धान्य, मीठ, कापड आणि घासलेट यांचे भाव त्या वर्षांत कसे चढले, संस्थानी पलटणी ज्या खजिन्यातून पोसल्या जात तो खजिना कोणाच्या शेतसाऱ्यावर चालत होता, हे प्रश्न सराफ्यासारख्या बाजारपेठेत उभे राहून विचारायला हवे होते. जहाजाचे नाव ‘निष्ठा’ होते हे खरे, पण ती निष्ठा महाराजांची होती. शिपायाने पलटणीत नाव घातले ते पगारासाठी, घरच्या चालीसाठी की कोणाच्या दबावामुळे, हे त्या नावावरून कळत नाही आणि फेरीतूनही कळत नाही.

राजकीय बाजूही जवळजवळ सुटली आहे. मराठी श्रोत्यांपुढे बोलताना टिळकांचा प्रसंग तरी यायला हवा होता. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत सैन्यभरतीच्या प्रश्नाला स्वराज्याची जोड देऊन टिळक बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्याच वर्षी गांधीजी खेडा जिल्ह्यात पायी फिरून सैन्यभरतीसाठी आवाहन करीत होते. देशाने या युद्धात का उतरावे आणि बदल्यात काय मागावे, याविषयी आपल्याच मोठ्या नेत्यांच्या मनात किती ओढाताण होती, हे या दोन प्रसंगांवरून पाच मिनिटांत सांगता आले असते.

आणि मानमोडी. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडे हेच नाव पडले होते, आणि तिने या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. म्हणजे रणांगणावर मेलेल्या भारतीयांच्या शंभर पटींहून अधिक. सैनिकांच्या हालचालींबरोबर ती बंदरांतून रेल्वेने देशभर पसरली, तेव्हा युद्धाच्या कथेतून तिला वेगळे काढता येणार नाही. मामांच्या आजीने दौलतगंजातील घरात एका आठवड्यात दोन माणसे गेलेली पाहिली होती, आणि त्या दिवसांत खांदा द्यायला शेजारी उरले नव्हते असे ती सांगत असे. आम्ही दौलतगंजाच्या तोंडावरून गेलो, पण निवेदनात मानमोडीचे नाव आले नाही. फेरीनंतर मी हे दोघाही निवेदकांना सविस्तर सांगितले. त्यांनी वाद न घालता ऐकून घेतले आणि मामांची आठवण ध्वनिमुद्रित करून घेतली. या मुलांविषयी माझे मत चांगले झाले त्यात या अर्ध्या तासाचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या महायुद्धाचा भाग घाईत उरकला जातो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय प्रतिनिधींना न विचारता देश युद्धात ओढला, पुढे फौज २५ लाखांपर्यंत वाढली, ग्वाल्हेर लान्सर्सची तुकडी ब्रह्मदेशातील आराकानच्या आघाडीवर लढली, एवढे सांगून विषय पुढे सरकतो. खरे तर इथे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ब्रिटिश सेनानी विंगेट यांच्या ‘चिंडिट’ सैनिकांनी, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला जंगलात शिरून लढणाऱ्या तुकड्यांनी, १९४४ च्या ब्रह्मदेश मोहिमेची तयारी ग्वाल्हेर-झाशीच्या परिसरातील रानांत केली होती, हे ऐकून आमच्या तुकडीतील जवळजवळ सर्वांनाच आश्चर्य वाटले, आणि नेमक्या त्याच क्षणी वेळ संपल्याचे सांगण्यात आले. याच वर्षांत बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, त्याचा तर एका वाक्यातही उल्लेख नव्हता. माझ्या मते दोन युद्धांच्या दोन स्वतंत्र फेऱ्या कराव्यात. शुल्क दोनदा द्यावे लागले तरी लोक येतील.

शुल्कात चोवीस पानांची पुस्तिका मिळते. छपाई स्वच्छ आहे, जहाजाचे छायाचित्र सुरेख आले आहे, परंतु मजकूर पुन्हा तपासायला हवा. नकाशात टांगा बंदर केनियाच्या हद्दीत दाखवले आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांचा आकडा एका पानावर ७४,००० आणि दुसऱ्या पानावर ८७,००० असा आहे, आणि हा दुसरा आकडा वास्तविक दुसऱ्या महायुद्धाचा आहे. जी पुस्तिका शाळकरी मुले घरी नेऊन जपून ठेवणार, तिच्यात अशा चुका राहू देणे बरे नव्हे. मराठी मात्र शुद्ध आणि वाचनीय आहे, हिंदीतून ओढून आणलेली नाही, याचे मला विशेष समाधान वाटले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. चालणे एकूण अडीच किलोमीटरांच्या आसपास होते आणि मध्ये दोनदा बसायला मिळते, त्यामुळे मामांना त्रास झाला नाही. निवेदकांकडे छोटा ध्वनिवर्धक आहे, पण बाजार उघडल्यावर मागच्या माणसांना नीट ऐकू येत नाही, म्हणून पुढे राहावे. स्वच्छतागृह फक्त शेवटच्या ठिकाणी आहे. उन्हाळ्यात ही फेरी करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. नोंदणी फोनवर होते आणि पैसे आधी मागत नाहीत.

फेरी एका जुन्या वाड्यातील खोलीत संपते, तिथे चहा आणि पोहे मिळतात आणि भिंतीवर पूर्व आफ्रिका, इराक आणि ब्रह्मदेश यांचे मोठे नकाशे लावलेले आहेत. खोलीच्या कोपऱ्यात एक लांब टेबल आहे, ते शहरातील घराघरांतून येणाऱ्या जुन्या कागदांसाठी राखून ठेवले आहे. ज्यांच्या घरी पलटणीच्या पेन्शनचे कागद, बसऱ्याहून किंवा आफ्रिकेहून आलेले पत्र किंवा दुसऱ्या महायुद्धाच्या वेळची शिधापत्रिका असेल, त्यांनी तिची प्रत जरूर बरोबर न्यावी. आम्ही गेलो त्या दिवशी त्या टेबलावर फक्त दोन कागद होते, आणि मामा पुढच्या महिन्यात तिसरा घेऊन जाणार आहेत.